खालच्यांनी नळ बंद केले तेव्हा

ये गं, अशी जवळ ये. तू बोरिवलीत आणि मी घाटकोपरच्या डोंगरावर, हे मला कळतं. तरी हे वाचताना खुर्ची जरा पुढे ओढ, म्हणजे जवळ बसल्यासारखं होईल. फोन पालथा ठेव. ठेवलास? आता कान इकडे कर, कारण मला तुझा कान थोडा पिळायचाय.

परवा लग्नाच्या हॉलमध्ये, हातात ताट घेऊन, तू सासरकडच्या बायकांना काय सांगत होतीस? "आमच्या मावशीच्या मुलीला स्कॉलरशिप मिळाली ना, ती नळामुळे. इंटरव्ह्यू चालू असताना घरात नळ फुटला, ते गोरे लोक हसले आणि देऊन टाकली!" मी तुझ्या मागेच उभी होते. तोंडात जिलबी होती म्हणून वाचलीस. नळ फुटला नव्हता, बाई. नळ त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा नीट चालला. आणि हसून कोणी कोणाला चार वर्षं परदेशात फुकट शिकवत नाही.

तुलाही काय बोलायचं म्हणा, तू होतीसच कुठे? म्हणून आता सगळं नीट लिहून काढते. तुझ्या निमित्ताने बाकीचेही वाचतील.

आमचं घर तुला माहीत आहे, त्यांना नाही, म्हणून सांगते. डोंगराच्या पोटात पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला खोल्या, आणि पायऱ्या दमून थांबतात तिथे आमची खोली. शेवटची. पाण्याचा पाइप खालच्या रस्त्यावरून निघतो आणि पायऱ्यांच्या कडेने सगळ्यांच्या दारावरून वर येतो. संध्याकाळी पाचला पाणी सुटतं, तासभर असतं. खालच्यांना धो धो, मधल्यांना बऱ्यापैकी, आणि आम्हाला करंगळीएवढी धार. तीही लाजत लाजत. म्हणून आमचा नळ आम्ही कधी बंदच करत नव्हतो. बंद करून करायचं काय? खाली पिंप लावायचं, नळ उघडा सोडायचा, येईल ते आपलं. तू लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा पाय धुवायला तुला एक तांब्या मिळायचा. मग तू तुझ्या आईला जाऊन सांगायचीस, "मावशी चिकट आहे." सगळं आठवतं मला.

तुझे काका अंधेरीच्या एका ऑफिसांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन. दिवसभर उभं राहायचं, लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं. मी घरी साड्यांना फॉल लावायची, बिडिंग करायची. घर म्हणजे एक खोली, कोपऱ्यात मोरी, मधोमध माझं शिलाईचं टेबल, आणि जिकडे बघशील तिकडे लोकांच्या साड्या. आमच्या स्वतःच्या साड्या एका पिशवीत मावायच्या, पण घर कायम राणीच्या महालासारखं रंगीत.

मी शिकले चौथीपर्यंत. पुढचं शिकले ती लेकीबरोबर. ती मोठ्याने वाचायची, मी हात चालवत ऐकायची. तिला पाठांतर म्हणून दाखवायला कोणीतरी लागायचं, आणि चूक काढायची तर मला ते आधी यायला नको? असं करत करत तिची दहावी झाली तेव्हा माझीही झाली, फक्त मला मार्कशीट मिळाली नाही. इंग्रजीचं मात्र माझं असं आहे, की कळतं सगळं, पण तोंडात आलं की धुतलेल्या फॉलसारखं आटतं.

ही पोर लहान असल्यापासून पाइपाला कान लावून बसायची. हो, अक्षरशः. पाणी यायच्या आधी पाइप फुसफुसतो, मग खोकतो, मग थेंब. ती आतूनच ओरडायची, "आई, फुसफुसला!" आणि मी पिंप सरकवायची. एकदा मला म्हणाली, "आई, खालच्या काकींकडे आधी का येतं?" मी म्हटलं, "त्या खाली राहतात म्हणून." "मग आपण खाली का राहत नाही?" आता याला काय उत्तर द्यायचं? म्हटलं, "आपल्याला हवा चांगली मिळते." त्यावर ती म्हणाली, "हवा तर नळातूनपण मिळते."

स्कॉलरशिप हा शब्द आमच्या घरात मीठ-तेलासारखा होता. तो नसेल तर चूल पेटायची नाही. चौथीची मिळाली, सातवीची मिळाली. अकरावी-बारावीला एका ट्रस्टची. इंजिनिअरिंगच्या वेळी त्याच ट्रस्टच्या म्हाताऱ्या शेठजींनी तिला विचारलं, "घरी अभ्यासाला टेबल आहे का?" ही म्हणाली, "आहे, पण त्याच्यावर आई बसते." त्यांना वाटलं मी टेबलावर चढून बसते! मग हिने समजावलं की आईची मशीन बसते. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढचा दिवा दिसेपर्यंत एकेक स्कॉलरशिप पुरायची, आणि ती विझायच्या आत हिला दुसरी पेटवायला लागायची. अशी ती पाण्याच्या विषयात एम.टेक. झाली. पाइपात पाणी कसं धावतं, शहरात कोणाला किती मिळतं, का मिळत नाही, याचं मोठं गणित. तिचा तो विषय आहे हे मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे खालच्या काकींकडे आधी का येतं, तेच ना?" तर म्हणाली, "आई, तेच. फक्त आता त्याला ग्रीक अक्षरं आहेत."

पुढे पीएच.डी. करायची होती, आणि ती परदेशात. आधी दोन ठिकाणी प्रवेश मिळाले आणि दोन्ही सोडावे लागले, कारण तिथे राहायचं-खायचं कशावर? तिसऱ्यांदा हॉलंडहून आलं. बघ काय मजा, ज्या देशात पाणी जास्त झालंय म्हणून रडतात, तिथे आमची पाणी कमी म्हणून रडणारी जाणार होती. प्राध्यापकांना ती पसंत होती, पण खर्चाची फेलोशिप द्यायची का नाही ते एक वेगळी समिती ठरवणार होती, व्हिडिओवर मुलाखत घेऊन.

तेव्हा काकांचे गुडघे सुजायला लागले होते. रात्री ते पाय भिंतीला लावून झोपायचे. ते बघून एक दिवस लेक मला म्हणाली, "आई, हे शेवटचं. अंधेरीतल्या कंपनीची नोकरी हातात आहे. या वेळी नाही झालं तर मी ती धरते आणि पुन्हा शिकायचं नाव काढत नाही." काही रडून वगैरे नाही हं, डाळ निवडता निवडता म्हणाली. मला ते जास्त लागलं. कारण तिच्या तोंडून निघालं की ते होतं. सगळं त्या एका मुलाखतीवर आलं.

मुलाखत तुझ्याच घरी करायची ठरली होती, आठवतं ना? तुझा फ्लॅट, बंद दार, झकास नेट. आणि आदल्या दिवशी तुझ्या लेकाला कांजिण्या! तू फोनवर रडत होतीस. मी म्हटलं, अगं, देवी आल्यात, त्यांचा मान ठेव, आम्ही बघतो. पण बघायचं कुठे? कॉलेजला सुट्टी. ओळखीच्यांची घरं म्हणजे आमच्यासारखीच. शेवटी घरीच करायचं ठरलं. मग मी विचारलं, "किती वाजता?"

"त्यांच्या दुपारी. म्हणजे आपल्या पाचला."

"पाच?" मी सुई खाली ठेवली. "पाच म्हणजे पाणी!"

वाट लागली. तुला आमची पाण्याची वेळ माहीत आहे. डबे, हंडे, पिंपं, बादल्या, पत्र्यावर पडणारी धार, 'तुझं झालं असेल तर सोड', 'कालपण तूच आधी'... त्या तासात आमच्याकडे मयताला रडायचं असलं तरी लोक सहानंतर रडतात. अशात ही पोर त्या लोकांशी इंग्रजीत काय बोलणार?

काका जेवून उठले आणि म्हणाले, "मी बघतो." दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खालपासून एकेक दार घेत वर आले. प्रत्येक दारात एकच विनंती. "पोरीची मुलाखत आहे. पाच ते सहा जरा नळ बंद ठेवाल का? धार डब्यात पडते तो आवाज फार होतो."

आता विचार कर. आमच्याकडे लग्नात अहेर मागशील तर मिळेल, पाण्याचा तास मागतात का कोणी? पण ते मागत गेले. आमच्या खालच्याच खोलीत मालवणी काकी आहेत, एकट्या, जिभेला धार कायमची. त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "तासभर? आणि माझा पाणी कोण भरतलो, तुझो बापूस?"

काका म्हणाले, "काकी, एकच दिवस."

"ता जाऊंदे. पोरगी त्यांच्यावांगडा कशात बोलतली?"

"इंग्रजीत."

"सगळा? तासभर?"

"हो."

काकींनी कमरेवरचे हात काढले. "मगे बंद. एक दिस न्हावक नाय तर काय मरतलंय मी? जा."

सगळे हो म्हणाले. काकांना वाटलं होतं दोघं-चौघं तरी कुरकुरतील. वर आले तेव्हा ते पायरीवर बसून नुसते हसत होते. मला म्हणाले, "अगं, आपण उगाच यांना भांडखोर म्हणतो."

इकडे मी खोली सजवत होते. लेक कागदांत डोकं घालून बसलेली, तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं. भिंतीचे पोपडे निघालेले, ते परदेशात दिसायला नकोत, म्हणून दोरी बांधून गिऱ्हाइकांच्या साड्या पडद्यासारख्या सोडल्या. लेकीच्या बरोबर मागे मुलुंडच्या एका बाईंची कांजीवरम, मोरपंखी, त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याची. लॅपटॉप सुट्टीच्या आधीच कॉलेजातून उसना आणलेला, नेट लेकीच्या फोनचं, तो माझ्या टेबलावर पिठाच्या डब्यावर ठेवला, म्हणजे चेहरा नीट येईल. तिच्या हातावर दही दिलं. ती म्हणाली, "आई, तू मोरीपाशी बस आणि शिंकू नकोस." मी मोरीच्या कट्ट्याला टेकून बसले. बाजूला फॉलच्या पट्ट्या वाळत होत्या. फॉल लावायच्या आधी भिजवून वाळवतात, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून साडीच्या निऱ्या चोळामोळा होतात. त्यांच्या खाली रोजचं पिंप, आणि पिंपावर आमचा तो नळ. नेहमीसारखा उघडा.

पाच वाजले. काय सांगू तुला, डोंगर गप्प! इतक्या वर्षांत मी आमच्या चाळीत कावळ्याचे पाय पत्र्यावर वाजताना पहिल्यांदा ऐकले. खाली पायऱ्यांच्या तोंडाशी काका उभे होते, येईल त्याला ओठांवर बोट दाखवत. पाववाला भोंगा वाजवायला गेला तर त्याचे सगळे पाव विकत घेऊन त्याला परत पाठवला. पुढे कितीतरी दिवस आम्ही पाव खात होतो, ते वेगळं.

पडद्यावर तीन चेहरे. एक पांढऱ्या आखूड केसांच्या बाई, एक दाढीवाले गृहस्थ, आणि एक बारके, जे मान वर करतच नव्हते, नुसतं लिहीत होते. लेक छान बोलत होती. मला 'वॉटर' कळत होतं, 'प्रेशर' कळत होतं, अधूनमधून 'मुंबई'. दाढीवाले माना डोलवत होते. मला वाटलं, झालं, जमलं.

मग त्या बारक्यांनी लिहिता लिहिताच एक प्रश्न विचारला.

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण टेबलाखाली पाय दिसत होते. अडली की ती एका अंगठ्याने दुसऱ्या पायाचा अंगठा घासते. बालवाडीपासून. तो अंगठा घासायला लागला. प्रश्न काय होता ते तिने नंतर सांगितलं. ती म्हणत होती, की अशा डोंगरावरच्या वस्तीत पाणी कमी नसतं, ते वरपर्यंत पोचत नाही इतकंच. खालच्यांनी एकमेकांत वेळ वाटून घेतली तर तेवढ्याच पाण्यात वरच्यांचंही भागेल. आणि ते बारके म्हणाले, "गणित सुरेख आहे. पण खऱ्या वस्तीत, खरी माणसं, एकाच वेळी नळ बंद करून बसली आहेत, असं तुम्ही कधी पाहिलंय का? कोण करेल ते?"

तिने पाहिलेलं नव्हतं. कोणीच पाहिलेलं नव्हतं. खोटं ती बोलत नाही.

आणि माझ्या डोक्यावर नळ फुसफुसला.

मी वर बघितलं. मग तो खोकला. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. मी मनात म्हटलं, बाबा रे, आज नको, आज तुझी करंगळी आवर. तर त्याने करंगळी नाही गं, अख्खा हात बाहेर काढला! असं पाणी मी त्या नळाला कधी बघितलं नव्हतं. धाडकन रिकाम्या पिंपात. ढोल बडवल्यासारखं. मी झडप घातली चावीवर, तर चावी फिरेना! इतकी वर्षं कधी बंदच केली नव्हती, ती गंजून बसलेली. तळवा लावला तर फवारा उडाला थेट छताला, तिथून निघाला मुलुंडच्या कांजीवरमकडे. माझं सगळं आयुष्य त्या एका क्षणी माझ्यापुढे उभं राहिलं. एकीकडे लेकीची फेलोशिप, दुसरीकडे परक्या बाईची साडी, आणि मध्ये मी, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, नळाला मिठी मारून.

मग हाताला फॉल लागले. दोन-तीन ओढले, नळाच्या तोंडाला गच्च बांधले आणि टोकं पिंपात सोडली. पाणी पट्टीवरून घसरत गुपचूप खाली जायला लागलं. आवाज बंद. उरला तो फक्त माझ्या दातांचा, थंडीने.

लेकीने त्यांना 'सॉरी, वन मिनिट' म्हटलं आणि मागे वळली. मला वाटलं, आता ओरडणार. ती ओरडली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती, पिंपाकडे बघत होती. पिंप भरत आलं होतं. आमचं पिंप, पाण्याच्या वेळेत, काठापर्यंत!

"आई," ती हळूच म्हणाली, "खालच्यांचे नळ?"

"बंद आहेत. आवाज नको म्हणून. बाबांनी सांगितलंय सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"अगं, काकींनीसुद्धा बंद केलाय."

आणि मग ती जी हसायला लागली! लहानपणी 'फुसफुसला' म्हणून ओरडायची ना, तेच तोंड. तिने पिठाच्या डब्यावरचा लॅपटॉप उचलला आणि सरळ मोरीकडे वळवला. हॉलंडच्या त्या तिघांना दिसलं काय, तर ओलीचिंब मी, नळाला बांधलेले फॉल आणि ओसंडणारं पिंप. मी पदर सारखा केला आणि नमस्कार केला. दुसरं काय करणार?

आणि मग ती बोलायला लागली. अंगठा थांबला, हात चालू. मघाशी परीक्षेत बोलावं तसं बोलत होती, आता मला रागावते तशी बोलत होती, भराभर, जीव तोडून. पांढऱ्या केसांच्या बाईंनी काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "आई, त्या विचारतायत, हे सगळे लोक पाणी सोडून का बसले?"

मी म्हटलं, "सांग त्यांना, पोरीला शिकायला जायचंय म्हणून."

तिने ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

तेव्हा कुठे त्या बारक्यांनी मान वर केली. पहिल्यांदा. आणि म्हणाले, "उद्या पुन्हा असंच करता येईल?"

आता बघ, इथे तू चुकतेस. तुझी ती लग्नातली गोष्ट नळापाशी संपते. खरी गोष्ट इथे आहे. मी असते तर म्हटलं असतं, हो हो, उद्या काय, रोज करू, तेवढी फेलोशिप द्या! लेक म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही. नळ माझे नाहीत. आज त्यांनी माझ्यासाठी केलं. रोजचं करायचं तर त्यांना विचारावं लागेल, आणि त्यात त्यांचं काय भलं आहे तेही दाखवावं लागेल. तेच मला शिकायचंय." मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्या बारक्यांनी पेन खाली ठेवलं.

मुलाखत संपली तशी ती दारात जाऊन ओरडली, "काकी, उघडा नळ! बाबा, सांगा सगळ्यांना!" पण तोवर पाणी जायची वेळ झाली होती. खाली नळ उघडले तर थोडी हवा, थोडे थेंब. आता? लोकांनी आमच्यासाठी तास घालवलेला. घरात बघितलं, तर पिंप भरलेलं, दोन हंडे भरलेले, बादल्या, कळशी, पातेली, अगदी पोहे भिजवायची चाळणी सोडून सगळं भरलेलं.

मग आमच्या डोंगरावर पहिल्यांदाच पाणी वरून खाली गेलं. काका गुडघे विसरून हंडा घेऊन उतरले. लेक मुलाखतीच्या नव्या ड्रेसवर कळशी घेऊन निघाली. मग कोणीतरी पायऱ्यांवर उभं राहिलं, त्याच्या खाली आणखी कोणी, आणि हातोहात बादल्या उतरायला लागल्या. निम्मं पाणी पायऱ्यांवर सांडलं, पण हसणं त्याहून जास्त सांडलं. मालवणी काकींच्या दारात मी स्वतः हंडा ठेवला. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय गो, आज उलटी गंगा? आणि तू अशी भिजलंस कशी? मुलाखत तुझी होती काय?"

काकांना लोक अजून चिडवतात. आयुष्यभर माणसं वर पोचवली, त्या दिवशी पाणी पोचवलं, आणि या गड्याला पत्ताच नाही! खरंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं की खालचं बंद केलं तर ते वर येईल. लिफ्टमन असून!

निकाल आला तेव्हा ते कामावर होते. लेकीने फोन लावला. लिफ्टमध्ये रेंज नसते. दार उघडलं की 'हॅलो', बंद झालं की गेला. दुसऱ्या मजल्यावर त्यांना ऐकू आलं 'बाबा', चौथ्यावर ऐकू आलं 'मि'. पाचव्यावर उतरणारे साहेब तयार होते, पण काकांनी लिफ्ट थांबवलीच नाही, थेट गच्चीच्या मजल्यावर नेली. तिथे रेंज येते. दार उघडून, लिफ्ट अडवून, त्यांनी पूर्ण वाक्य ऐकलं. लिफ्टमध्ये साहेब, एक चहावाला आणि दोन बाया. साहेब रागावून म्हणाले, "अरे, मेरा पाँचवाँ था!" काका म्हणाले, "साहब, आज सबका ऊपरवाला." आणि गोष्ट सांगितल्यावर त्याच साहेबांनी चहावाल्याकडून सगळ्यांना चहा पाजला, गच्चीत.

जायच्या आधी लेकीने काय केलं माहीत आहे? दारोदार फिरली, काकांसारखीच. पण या वेळी विनंती नाही, हिशोब मांडून. खालच्यांनी आळीपाळीने थोडा थोडा वेळ नळ बंद ठेवायचा, म्हणजे वरच्यांनाही मिळेल आणि खालच्यांचंही अडणार नाही. भांडणं झाली. झालीच पाहिजेत, पाण्याचा विषय आहे. एकाने तर विचारलं, "तू जाणार हॉलंडला, आणि नळ आम्ही बंद करायचे?" ती म्हणाली, "दादा, एक महिना करा, नाही पटलं तर सोडा." महिना झाला, सोडलं नाही. पाळी कोणाची, हे मालवणी काकी बघतात. त्यांच्यासमोर पाळी चुकवायची कोणाची टाप आहे?

आता ती तिथे आहे. तेच बारके आता तिचे दुसरे गाइड आहेत. फार कमी बोलतात म्हणे, पण हिला दर सोमवारी विचारतात, आईचं पिंप भरतंय का. तिथे नळाला दिवसभर पाणी असतं. मी विचारलं, "मग संध्याकाळी तुम्ही लोक करता काय?" तर म्हणाली, "आई, पाच वाजले की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं." म्हणून ती आपल्या पाचला फोन करते. मी फोन नळाजवळ धरते. आधी फुसफुसतो, मग खोकतो, मग ती तिकडून ओरडते, "आला!" काकांनी नोकरी सोडली. आता गुडघे बरे आहेत, आणि पाणी आलं की नळाची चावी तेच फिरवतात. नवीन बसवली आहे, बंद होते. उगाच दोनदा उघडून बंद करून बघतात.

मुलुंडच्या बाईंची कांजीवरम? एक थेंब उडाला नाही. साडीपासून वीतभर अंतरावर फवारा वळला. साखरपुड्यात नेसल्या त्या. त्यांना अजून ठाऊक नाही की त्यांची साडी हॉलंडला दिसली.

तर आता पुन्हा कुठे सांगशील तेव्हा अशी सांग. आणि नुसती सांगू नकोस, ये. किती महिने झाले तुला येऊन? लेक डिसेंबरात येतेय, तेव्हा येशीलच, पण त्याच्या आधी ये. पोरालाही आण, कांजिण्यांचे डाग गेले असतील आता. पाचच्या आत ये, म्हणजे त्याला नळाचा खोकला ऐकवते. पायऱ्या चढून दमशील, माहीत आहे. वर आलीस की मोरीवर जा आणि पाय धू. एक नाही, दोन नाही, हवे तितके तांबे ओत. मी बघणारसुद्धा नाही.